मारापी आणि मरापी: एका स्वरामागची भाषा

३ डिसेंबर २०२३ रोजी इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर मारापी ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि डोंगरावर गेलेले वीसहून अधिक गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. पुढे मे २०२४ मध्ये त्याच डोंगरावर साचलेली राख आणि दगडधोंडे मुसळधार पावसाने खाली आणले, पायथ्याची गावे त्यात गाडली गेली. चिखलदगडांच्या अशा लोंढ्याला तिथले लोक 'गालोदो' म्हणतात.

या बातम्या वाचताना बऱ्याच जणांचा घोटाळा झाला असेल. कारण जावा बेटावर, योग्यकर्ता शहराजवळ, जवळपास याच नावाचा दुसरा प्रसिद्ध ज्वालामुखी आहे. रोमन लिपीत दोन्ही नावांत एकाच अक्षराचा फरक, आणि तोही छपाईची चूक वाटावी असा. देवनागरीत मात्र तो स्वच्छ दिसतो. जावातला 'मरापी', सुमात्रातला 'मारापी'. 'आपी' म्हणजे आग, ती दोन्हीकडे आहे. फरक आहे तो पहिल्या अक्षरातल्या 'अ' आणि 'आ'चा.

तो फरक कुणाच्या हलगर्जीपणाने आलेला नाही. मारापीच्या पायथ्याशी बोलल्या जाणाऱ्या मिनांगकाबाउ भाषेत मलय भाषेतला 'अ' नियमाने 'आ' होतो. या लोकांच्या नावातही तेच दिसते. लोककथा अशी सांगतात की जावाहून आलेल्या सैन्याशी लढाई टाळण्यासाठी रेड्यांची झुंज ठरली. जावाच्या लोकांनी आडदांड रेडा आणला. इकडच्यांनी भुकेले पारडू आणले आणि त्याच्या नाकाशी धारदार पाते बांधले. पारडू आई समजून दूध प्यायला रेड्याच्या पोटाखाली धावले आणि रेडा पडला. 'जिंकणे' हा शब्द मलयमध्ये 'मनांग', म्हैस-रेडा म्हणजे 'करबाउ'. मिनांग लोक म्हणतात 'मानांग काबाउ'. दोन्ही शब्दांत 'अ'चा 'आ' झाला. कथा खरी असो वा नसो, स्वराचा नियम खरा आहे.

## आधी घराणे

मिनांगकाबाउ भाषेला तिथले लोक 'बासो मिनांग' म्हणतात. 'बासो' म्हणजे आपलीच 'भाषा'. पश्चिम सुमात्रा प्रांत हे तिचे घर, आणि बोलणारे पन्नास लाखांहून अधिक. पादांग हे प्रांताचे मोठे शहर किनाऱ्यावर आहे, म्हणून बाहेरचे लोक सरसकट 'पादांगची भाषा' म्हणतात. खरे माहेर वर डोंगराळ भागात आहे: आगाम, तानाह दातार आणि लिमा पुलुह कोता, म्हणजे 'पन्नास कोट'. हा 'कोट'ही संस्कृतातून गेलेला.

तांत्रिक शब्द एकच लक्षात ठेवायचा: मलयिक. सुमात्रा, मलाया द्वीपकल्प आणि बोर्नेओ या भागांतल्या, जवळच्या नात्यातल्या भाषांच्या गटाला मलयिक म्हणतात. मलेशियाची मलय, मलयच्याच आधारावर घडलेली इंडोनेशियाची राष्ट्रभाषा इंडोनेशियन, मिनांगकाबाउ, दक्षिण बोर्नेओतली बांजार, सारावाकमधली इबान, जाकार्तातली बेतावी या सगळ्या त्या एका घरातल्या. नाव ऐकून मल्याळम आठवते, पण तिचा इथे काही संबंध नाही. मल्याळम द्राविडी कुळातली.

या घराचा सर्वांत जुना लिखित पुरावा मराठी माणसाला विलक्षण ओळखीचा वाटेल. १९२० मध्ये सुमात्रातल्या पालेंबांगजवळ एक शिलालेख सापडला, त्याला केदुकान बुकितचा लेख म्हणतात. त्याची सुरुवात अशी: 'स्वस्ति श्री शकवर्षातीत ६०५ एकादशी शुक्लपक्ष वुलान वैशाख'. आकडा काही अभ्यासक ६०४ वाचतात, म्हणजे इसवी सन ६८२ किंवा ६८३. आपल्या पंचांगात जो शक आजही छापला जातो, त्याच शकातली वैशाख शुद्ध एकादशी. या ओळीत मूळ तिथला शब्द एकच आहे, 'वुलान', म्हणजे महिना. आज मलय आणि मिनांग दोन्हींत तो 'बुलान' आहे. हा लेख जुन्या मलयमध्ये आहे, मिनांगमध्ये नव्हे. पण त्यावरून इतके कळते की हे घराणे सुमारे साडेतेराशे वर्षांपूर्वी लिहिते झाले होते.

## 'मलयच बिघडवून बोलतात' हे खरे का?

मलेशियन किंवा जाकार्तातला माणूस मिनांग पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला शब्द अर्धवट ओळखीचे वाटतात. मग तो म्हणतो, हे आमचेच शब्द आहेत, नीट उच्चारत नाहीत इतकेच. आपल्याकडे विदर्भातला माणूस 'डोळे'ला 'डोये' म्हणाला की पुण्या-मुंबईत हेच ऐकू येते. पण वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होणे जसे शब्दामागून शब्दात ठरलेल्या वाटेने होते, तसेच मिनांगचे आहे. चुकणारा माणूस प्रत्येक वेळी वेगळे चुकतो. लाखो माणसे पिढ्यानपिढ्या एकाच पद्धतीने 'चुकत' असतील तर तिथे नियम असतो.

काही नियम जवळून पाहू. मलय शब्दाच्या शेवटी 'आ' असेल तर मिनांगमध्ये बहुतेक ठिकाणी 'ओ' येतो. 'तीन'ला मलयमध्ये 'तिगा', मिनांगमध्ये 'तिगो'. पाचाला 'लिमा', इकडे 'लिमो'. 'काय'ला 'आपा', इकडे 'आपो'. शेवटचा 'र' आणि 'ल' गळतो: 'पासार' (बाजार) चे 'पासा', 'माहाल' (महाग) चे 'माहा'. 'गुनुंग' (डोंगर) चे 'गुनुआंग' होते, 'कांबिंग' (बकरी) चे 'कांबिआंग'. शेवटचा 'आस' असेल तर 'एह': तांदूळ मलयमध्ये 'बरास', मिनांगमध्ये 'बारेह'. इथे एकाच शब्दात दोन नियम लागले.

संस्कृतातून गेलेले शब्दही या नियमांतून सुटले नाहीत. 'विचार' तिकडे मलयमध्ये 'बिचारा' झाला आणि त्याचा अर्थ झाला बोलणे. मिनांगमध्ये तो 'बिचारो'. 'अभ्यास' मलयमध्ये 'बियासा', म्हणजे सवयीचे, नेहमीचे. मिनांगमध्ये 'बियासो'. 'कार्य'चे 'काराजो', 'रस'चे 'रासो', 'राजा'चे 'राजो'. परक्या देशातून आलेल्या शब्दालाही जी भाषा आपल्या शिस्तीत बसवते, तिला बिघडलेली कसे म्हणायचे?

एक म्हण दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवली की सगळे एका नजरेत दिसते.

मलय: दी माना बूमी दीपिजाक, दी सितु लांगित दीजुंजुंग.

मिनांग: दीमा बूमी दीपिजाक, दी सिनान लांगिक दीजुंजुआंग.

अर्थ असा की ज्या भूमीवर पाय ठेवाल तिथलेच आभाळ डोक्यावर घ्या. आपल्या 'देश तसा वेश'च्या अंगाने जाणारी म्हण. 'बूमी' म्हणजे भूमी हे सांगायला नको. 'लांगित' म्हणजे आकाश, त्याचे 'लांगिक' झाले. हा शेवटचा 'क' लिहिला जातो, पण उच्चारताना घसा क्षणभर बंद करून शब्द तोडतात.

## मग दोन्ही एकमेकांना कळत असतील ना?

मिनांग माणसाला इंडोनेशियन कळते, कारण तो ती शाळेत शिकला, टीव्हीवर ऐकली, कचेरीत वापरली. उलट दिशेने तसे होत नाही. जावाहून पादांगला बदली होऊन आलेल्या माणसाला बाजारातली घासाघीस सुरुवातीला डोक्यावरून जाते. 'एकमेकांना कळते' असे म्हणताना कोण कुणाची भाषा शिकून आला आहे हे आधी पाहावे लागते.

शिवाय ओळखीचे वाटणारे शब्दच फसवतात. आपल्याला 'शिक्षा' या शब्दाने हिंदीत जसा चकवा बसतो, तसे इथे पावलोपावली आहे. इंडोनेशियनमध्ये 'गालाक' म्हणजे रागीट, अंगावर येणारा. मिनांगमध्ये 'गालाक' म्हणजे हसणे. 'गुरु गालाक' हे दोनच शब्द ऐकून जाकार्तातले मूल घाबरेल, आणि मिनांग मुलुखातल्या बुकितिंगी शहरातल्या मुलाला वाटेल की गुरुजी हसताहेत. मलेशियात 'आवाक' म्हणजे तू किंवा तुम्ही. मिनांगमध्ये 'आवाक' म्हणजे मी किंवा आपण. सर्वनामच उलटे झाले तर व्यवहार कसा होणार?

आणि जवळच्या, बरोबरीच्या माणसाला 'तू' म्हणताना मिनांगमध्ये पुरुषाला 'वाआंग' आणि बाईला 'काउ' असे दोन शब्द आहेत. मलयमध्ये 'काउ' दोघांनाही चालते. आपल्या मराठीत क्रियापदापर्यंत लिंग पोचते, तरी 'तू' मात्र एकच.

भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर आडेलार यांनी या घराण्याच्या मूळ भाषेचा सांगाडा उभा केला तेव्हा सहा भाषांची तुलना केली. त्यांत प्रमाण मलय ही एक आणि मिनांगकाबाउ ही दुसरी होती. म्हणजे मूळ आईचा चेहरा शोधताना दोघींकडे बहिणी म्हणूनच पाहिले गेले. एक शाळेत गेली, तिच्या हाती राजमुद्रा आली. दुसरी घरी राहिली. तेवढ्यावरून धाकटीला थोरलीची लेक म्हणता येत नाही.

कोकणीबाबत आपल्याकडे हा वाद पिढ्यानपिढ्या चालला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. त्या तारखांच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कोकणी माणूस घरात जे बोलत होता ते तसेच होते.

## आणि मिनांगच्या आत?

'दर बारा कोसांवर भाषा बदलते' हे मिनांग मुलुखाला तंतोतंत लागू पडते, कारण डोंगरदऱ्यांनी गावे वेगळी ठेवली. शिवाय तिथले गाव, 'नागारी', स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे आणि आपल्या रीतीभातींचा अभिमान बाळगणारे.

'तो तुला काय म्हणाला?' हे वाक्य घेऊ. सर्वसाधारण मिनांगमध्ये म्हणतील, 'आपो केचेकन्यो का वाआंग?' पादांगच्या कुरांजी भागात, 'आपो केचेक ए का आंग?' किनाऱ्यावरच्या पारियामानला, 'आ कातो ए बाकेह काउ?' पहिल्या दोन वाक्यांत बोलण्याला 'केचेक' आहे, तिसऱ्यात 'कातो'. हा 'कातो' म्हणजे आपली 'कथा'.

पण सगळ्यांत मोलाचा फरक मला पायाकुंबुह भागातला वाटतो, म्हणजे लिमा पुलुह कोतातला. तिथे मलयच्या 'अ'चा 'आ' होत नाही, 'ओ' होतो. बाकीचे मिनांग 'बारेह' म्हणतात, हे 'बोरेह'. चाराला मलयमध्ये 'अंपात', आगामकडे 'आंपेक', इथे 'ओंपेक'. सहाला 'अनाम', आगामकडे 'आनाम', इथे 'ओनाम'. म्हशीच्या शिंगांसारखे छप्पर असलेले ते देखणे मोठे घर सगळीकडे 'रुमाह गादांग', इथे 'रुमाह गोदांग'.

शहरातल्या माणसाला हे खेडवळ वाटते. पण जरा विचार करा. आगामच्या बोलीत जुना 'अ' आणि जुना 'आ' एकमेकांत मिसळून गेले, दोन ओढे एका नदीत जावेत तसे. आता 'आनाम' ऐकून सांगता येत नाही की पहिला स्वर मुळात कोणता. पायाकुंबुहने जुन्या 'अ'ला 'ओ' केले आणि जुना 'आ' होता तिथे राहू दिला. त्यामुळे दोन स्वर तिथे आजही वेगळे ओळखू येतात. आपण 'भाषा' लिहिताना 'ष' लिहितो आणि बोलताना बहुतेक सगळे 'श' म्हणतो. एखाद्या गावात दोन्ही वेगळे उच्चारले जात असतील तर त्या गावाला अडाणी म्हणायचे की जुना ठेवा सांभाळणारे? पायाकुंबुहची आजी तांदूळ मागताना नकळत एक हजारो वर्षांचा भेद जपत असते.

या 'ओ'ने समुद्रही ओलांडला. मलेशियातल्या नेगेरी सेंबिलान राज्यात काही शतकांपूर्वी मिनांग लोक जाऊन वसले. १७७३ मध्ये त्यांनी मिनांग मुलुखातल्या पागारुयुंगहून राजा मलेवार याला आणून गादीवर बसवले. तिथल्या बोलीत आजही तांदूळ 'बोरेह' आणि चार 'ओंपेक' आहेत. माणसे कुठल्या भागातून निघाली असावीत हे या स्वरावरून ताडता येते, आणि तिथल्या मातृकुळांची नावे पाहिली की खात्री पटते: त्यांतल्या एका कुळाचे नावच पायाकुंबुह आहे.

शेजारच्या रिआउ प्रांतात कांपार नदीकाठचे लोकही असाच 'ओ' बोलतात. पण त्यांतले अनेक जण स्वतःला मिनांग म्हणवून घेत नाहीत, आपल्या भाषेला ते 'ओचू' म्हणतात. १९५७-५८ मध्ये मध्य सुमात्रा प्रांताची फोड झाली, पश्चिम सुमात्रा आणि रिआउ वेगळे झाले, आणि कांपार रिआउत गेले. भाषाशास्त्राच्या तराजूत ओचू पायाकुंबुहच्या अगदी जवळ भरेल. तरी ते लोक स्वतःला काय म्हणवतात याला माझ्या लेखी वजन आहे. 'भाषा' आणि 'बोली' हे शब्द फक्त ध्वनींवरून ठरत नाहीत. कोणत्या प्रांतात घर आले, शाळेत काय शिकवले, कुणाबरोबर नाव जोडले जावे असे वाटते, हे सगळे त्यात येते.

## लिखित साहित्य नाही, मग भाषा कसली?

हा आक्षेप पूर्ण खरा नाही. मिनांगमध्ये अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेली हस्तलिखिते आहेत. 'काबा' नावाची लांबलचक कथाकाव्ये आहेत, ती रबाब या तंतुवाद्यावर गाऊन सांगतात. 'काबा' म्हणजे 'खबर', शेवटचा 'र' गळालेला! लग्नात आणि कुळाच्या बैठकीत दोन्ही पक्षांचे जाणते लोक ठरलेल्या लयीत एकमेकांना उत्तरे देतात, त्याला 'पासांबाहान' म्हणतात. ते ऐकताना मला आपल्याकडचे जुन्या लग्नांतले मानापानाचे बोलणे आठवते, फक्त इथे ते काव्य झालेले असते.

याहून मोठी गोष्ट अशी की इंडोनेशियाची राष्ट्रभाषा घडवण्यात मिनांग माणसांचाच हात मोठा होता. १९०१ मध्ये मलयचे पहिले अधिकृत रोमन लेखननियम बुकितिंगीतल्या अध्यापक विद्यालयात काम केलेल्या फान ओफॉयझेन या डच अधिकाऱ्याने तयार केले, तेव्हा त्याच्या मदतीला दोन मिनांग शिक्षक होते. स्वातंत्र्यापूर्वी, १९२८ मध्ये, तरुणांनी घेतलेल्या युवक प्रतिज्ञेत 'एकतेची भाषा इंडोनेशियन' हे शब्द आले, त्या मसुद्यामागे मुहम्मद यामिन होते, पश्चिम सुमात्रातले. मोहम्मद हाता, सुतान शाहरिर, तान मालाका, आगुस सालिम हे स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी सगळे या छोट्या मुलुखातले. १९२० च्या दशकातल्या पहिल्या इंडोनेशियन कादंबरीकारांतही मिनांग लेखकांचा भरणा होता.

म्हणजे लिहिण्याची ताकद कमी नव्हती. ती ताकद त्यांनी देशाच्या भाषेला दिली, आणि आपली भाषा स्वयंपाकघरात, बाजारात आणि बैठकीत राहू दिली. हे त्यागाचे होते की सोयीचे, यावर तिथेच दोन मते आहेत. मला त्यात त्या पिढीचा विश्वास दिसतो की घरची भाषा कुठे जाणार आहे, ती तर आहेच.

## ती कुठे चालली आहे?

सगळ्यांत आधी नकाशावरून जाते. 'पायोकुंबुआह' सरकारी पाटीवर 'पायाकुंबुह' होते, 'बातुसांगका' चे 'बातुसांगकार', 'पासिसिआ' चे 'पसिसिर'. शीवचे सायन आणि वांद्र्याचे बांद्रा होताना आपण पाहिलेच आहे. इथे तर नाव मलयच्या घाटात बसवणे म्हणजे ते दुरुस्त करणे असा समज होता. त्यातून मारापीचा 'आ' वाचला.

मग ती घरातून जाते. फेब्रुवारी १९५८ मध्ये पादांगमधून जाकार्ताच्या केंद्र सरकारविरुद्ध पर्यायी सरकार जाहीर झाले. १९६१ पर्यंत ते बंड मोडून निघाले. हरलेल्या मुलुखात मिनांग असल्याची खूण लपवावी असे अनेकांना वाटू लागले, मुलांना बाहेरची वाटतील अशी नावे ठेवली जाऊ लागली. आज तशी भीती नाही, पण पादांगसारख्या शहरात अनेक आईवडील मुलांशी पहिल्यापासून इंडोनेशियनच बोलतात. शाळेत पुढे जाईल, हा हेतू. इंडोनेशियाच्या राज्यघटनेच्या ३२ व्या कलमात प्रादेशिक भाषांचा आदर आणि जतन करण्याची ग्वाही आहे. घटनेतली ग्वाही रात्री जेवताना कुठली भाषा बोलायची ते ठरवत नाही.

'मग काय बिघडले? इंडोनेशियनही जवळचीच, त्यांच्याच पूर्वजांनी घडवलेली.' हा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नेमके द्यायला हवे. मिनांगमध्ये बोलण्याच्या चार रीती मानतात, 'कातो नान आंपेक', म्हणजे चार प्रकारची वाणी. थोरांशी बोलायची ती 'मांदाकी', चढाची. धाकट्यांशी 'मानुरुन', उताराची. बरोबरीच्यांशी 'मांदाता', सपाटीची. चौथी 'मालेरेआंग', तिरकी वाट, डोंगराला वळसा घालून जाणारी. ती सोयऱ्याधायऱ्यांशी वापरतात, जिथे थेट बोलणे लागेल आणि न बोलून चालणार नाही.

ही चौथी वाणी का लागते ते त्यांच्या घरात गेल्यावर कळते. मिनांग समाज मातृवंशीय आहे. घर आणि शेत आईकडून मुलीकडे जाते. नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, त्याला 'सुमांदो' म्हणतात. घरातल्या मुलांवर अधिकार चालतो तो आईच्या भावाचा, 'मामाक'चा, म्हणजे मामाचा. आता समजा मामाला भाचीच्या नवऱ्याला सांगायचे आहे की छप्पर गळते, जरा लक्ष घाला. तो जावई आहे, मान राखायला हवा. मग मामा पावसाची गोष्ट काढतो, शेजारच्या घराच्या छपराचे कौतुक करतो, एखादी म्हण टाकतो. जावई ऐकतो, समजतो, दुसऱ्या दिवशी शिडी लावतो. कुणी कुणाला काही सांगितलेले नसते.

पादांगमध्ये इंडोनेशियन बोलत वाढलेला मुलगा लग्न होऊन अशा घरात येतो तेव्हा शब्द त्याला सगळे कळतात. मामा पावसाची गोष्ट काढतो, आणि तोही म्हणतो, हो, यंदा पाऊस फारच आहे.